कोराभोवतीचे संयोजन : स्वर, ताल आणि हक्क

प्रश्न असा आहे : मुंबईत संगीत संयोजन करणाऱ्या एका तरुण संयोजकाने सेनेगलच्या कासामान्स भागातील एका कोरावादकासोबत (कोरा हे पश्चिम आफ्रिकेतील भोपळ्याचे तंतुवाद्य) आठ रचनांचा अल्बम करण्याचे ठरवले आहे. कोरा आणि गायन त्या कलावंताचे, तर तबला, बासरी, बेस गिटार आणि काही रचनांत व्हायोलिनवृंद मुंबईतील, अशी योजना आहे. कलावंताने फोनवर मुद्रित करून पाठवलेल्या तुकड्यांवर त्यांनी ठेके बसवून पाहिले, परंतु ते कुठेच नीट बसत नाहीत. ध्वनिमुद्रण कुठे करावे, संयोजन किती करावे आणि हक्कांची व्यवस्था कशी ठेवावी, असे त्यांनी विचारले आहे.

कोरा वाजवणाऱ्या कलावंताच्या हातांत संयोजन आधीच पूर्ण झालेले असते, हे मानून कामाला लागलात तर आपल्या बहुतेक अडचणी ध्वनिमुद्रणापूर्वीच दूर होतील. मी बरीच वर्षे डाकार (सेनेगल), बामाको (माली) आणि पॅरिस येथे कोरा, न्गोनी हे छोटे तंतुवाद्य आणि बालाफोन हे लाकडी पट्ट्यांचे वाद्य वाजवणाऱ्या कलावंतांबरोबर संयोजक म्हणून काम करत आलो आहे. बाहेरून आलेल्या संयोजकाचे श्रम सर्वांत जास्त वाया जातात ते एकाच ठिकाणी, असे मला वाटते. तो एका भरलेल्या रचनेला सुटी चाल समजतो आणि मग तिच्याखाली बेस, तिच्यामागे स्वरसंगती आणि तिच्या बाजूला ठेका उभारू लागतो. त्या रचनेत या तिन्ही जागा आधीच व्यापलेल्या असतात, त्यामुळे प्रत्येक नवे वाद्य कुणाच्या तरी जागेवर जाऊन बसते.

हे कसे घडते ते वाद्याच्या घडणीतूनच समजते. कोरा म्हणजे अर्धा कापलेला मोठा भोपळा, त्यावर ताणलेले गाईचे कातडे, त्यातून आरपार गेलेला लांब दांडा आणि उभ्या घोडीच्या दोन्ही अंगांनी चढवलेल्या २१ तारा. त्यांपैकी ११ डाव्या हाताकडे आणि १० उजव्या हाताकडे असतात. वादक वाजवतो ती केवळ चार बोटांनी : दोन अंगठे आणि दोन तर्जनी. उरलेली बोटे कातड्यातून वर आलेल्या दोन काठ्यांना धरून राहतात. डावा अंगठा खर्जाच्या तारांवर चालतो, उजवा अंगठा मधल्या पट्टीत त्याला उत्तरे देतो आणि दोन्ही तर्जनी वरच्या तारांवर चालीचे तुकडे विणतात. या तिहेरी विणीतून जे आवर्तन तयार होते त्याला मांदिंका भाषेत कुम्बेंगो म्हणतात. रचनेची ओळख त्यातच असते. त्या आवर्तनातून मधूनच सुटणाऱ्या, बहुधा वरून खाली उतरणाऱ्या वेगवान तानांना बिरिमिन्तिंगो म्हणतात. मालीचे कोरावादक तुमानी जाबाते यांचा १९८८ चा ‘काइरा’ हा अल्बम एकट्या कोराचा आहे आणि त्यात एका ट्रॅकवर दुसरा चढवलेला नाही. तरीही पहिल्यांदा ऐकणाऱ्या अनेकांना तिथे दोन-तीन वादक असावेत असे वाटते.

म्हणून पहिला अभ्यास हा करावा. आपल्या कलावंताच्या आठही रचनांचे कुम्बेंगो तीन वेगळ्या ओळींत लिहून काढा : डावा अंगठा, उजवा अंगठा, तर्जनी. हे काम कंटाळवाणे वाटेल, पण आपल्या बेसवादकाने काय वाजवायचे, आणि मुख्यतः काय वाजवायचे नाही, याचे उत्तर याच कागदावर मिळेल. वाद्य पांढरी चारमध्ये (एफ) मिळवले असेल तर त्याची सर्वांत खालची तार सुमारे ८७ हर्ट्झवर असते, म्हणजे ती बेस गिटारच्या ऐन मधल्या मुलखात येते. बेसने डाव्या अंगठ्याची ओळ जशीच्या तशी दुहेरी केली की कोराचा खर्ज बुजतो, आणि तिच्यापेक्षा वेगळी व्यग्र ओळ वाजवली की आवर्तनाचा तोल जातो. माझ्या अनुभवात चालते ते असे : बेसने आवर्तनातील दोन किंवा तीनच स्वर निवडावेत, ते अंगठ्याच्या स्वरांच्या खालच्या सप्तकात धरावेत आणि बाकी जागा मोकळी सोडावी. आठांपैकी तीन-चार रचना बेसशिवायच ठेवाव्यात, असे मी आग्रहाने सुचवेन.

आता स्वरांकडे येतो, कारण इथे मुंबईत न दिसणारे बरेच प्रश्न दडलेले असतात. कोरा सात स्वरांच्या पट्टीत मिळवली जाते आणि वाजवताना स्वर बदलता येत नाही. मिळवण्याच्या चार पद्धती सर्वांत जास्त प्रचारात आहेत : सिलाबा, जिला तोमोरा बा असेही म्हणतात, हार्दिनो, साउता आणि तोमोरा मेसेंगो. साउतामध्ये मध्यम चढा असल्यामुळे आपल्या कानाला कल्याण थाट जवळचा वाटेल, तर हार्दिनो बिलावलाच्या जवळ जाते. सिलाबा मात्र नीट समजून घ्यावी लागते. तिचा गंधार आणि निषाद आपल्या शुद्ध स्वरांपेक्षा उतरलेले असतात, पण कोमलापर्यंत पोचत नाहीत, आणि ते नेमके किती उतरावेत हे घराण्यागणिक आणि वादकागणिक बदलते. ज्याचा कान की-बोर्डवर तयार झाला आहे त्याला ही कोरा बेसूर वाटते आणि तो वादकाला ती दुरुस्त करायला सांगतो. असे कृपया करू नका. त्या उतरलेल्या गंधारातच रचनेचा भाव असतो.

याउलट, आजचे अनेक तरुण वादक गिटारसारख्या खुंट्या बसवलेली कोरा वापरतात आणि इलेक्ट्रॉनिक ट्यूनरवर समान अंतरांच्या सप्तकात मिळवतात, तेव्हा हा प्रश्न उरत नाही. आपला कलावंत कोणत्या बाजूचा आहे हे अंदाजाने ठरवू नये. त्याला प्रत्येक रचनेसाठी लागेल तशी कोरा मिळवायला सांगा, २१ तारा एकेक करून सुट्या मुद्रित करून मागवा, त्या सेंटमध्ये (सप्तकाचा बाराशेवा भाग) मोजा आणि प्रत्येक रचनेसाठी एक तक्ता करा. हा तक्ता बासरीवादकाला, व्हायोलिनवादकांना आणि बेसवादकाला आधी द्यायचा आहे. सिलाबातील रचनांसाठी पडद्यांशिवायची बेस गिटार घ्यावी. हार्मोनियम आणि साधा की-बोर्ड त्या रचनांतून पूर्णपणे बाहेर ठेवावा. पारंपरिक बालाफोन आणण्याचा मोह झाला, तर त्याचा मांदे प्रदेशातील (पश्चिम आफ्रिकेतील मांदिंका आणि तिच्या जवळच्या भाषांचा मुलूख) जुना स्वरबंध सप्तकाचे जवळपास सात समान भाग करणारा असतो, म्हणजे प्रत्येक अंतर सुमारे १७१ सेंटचे येते, हे लक्षात ठेवावे. अनेक आधुनिक बालाफोन पाश्चात्त्य पट्टीत बनवलेले असतात, त्यामुळे वाद्य आधी प्रत्यक्ष ऐकावे.

तानपुऱ्याबद्दल आपण विचारले नाही, तरी मुंबईत कुणीतरी तो सुचवेलच, म्हणून लिहितो. एकाच पद्धतीने मिळवलेल्या कोरावर वेगवेगळ्या रचनांचे आधारस्वर वेगळे असतात, आणि एकाच आवर्तनात आधार दोन स्वरांमध्ये झुलत राहणे ही तर फार नेहमीची गोष्ट आहे. तानपुरा लावला की त्या झोक्याचे एक टोक कायमचे षड्ज होऊन बसते आणि दुसऱ्या टोकाचे वजन संपते. सतत धरलेल्या व्हायोलिनच्या स्वरसंगतींनाही हीच हरकत लागू होते. शिवाय कोराच्या तारा वाजवल्यावर सहसा दाबून थांबवल्या जात नाहीत, त्या एकमेकींत मिसळत घुमत राहतात. त्या घुमाऱ्यावर आणखी एक लांब स्वरांचा थर टाकला की दोन्ही गढूळ होतात.

एक व्यावहारिक सूचना इथेच देतो. एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत कोरा मिळवली की तारांना आणि कातड्याला स्थिर होण्यास वेळ लागतो, विशेषतः दांड्यावर सरकणाऱ्या कातडी कड्यांची जुनी कोरा असेल तर. म्हणून मुद्रणाचा क्रम अल्बममधील क्रमानुसार न ठेवता मिळवण्याच्या पद्धतीनुसार ठेवावा : आधी सिलाबातील सगळ्या रचना, मग साउतातील, अशा रीतीने. तबल्याची पुडी पावसाळ्यात कशी वागते हे आपण जाणताच. कोराचे कातडे आकाराने कितीतरी मोठे असते. कासामान्समध्ये जून ते ऑक्टोबर हा पावसाचा काळ आहे आणि मुंबईचा पावसाळाही बराचसा त्याच महिन्यांत येतो, म्हणून दोन्ही ठिकाणी हे महिने टाळावेत.

ठेका न बसण्याचे कारण माझ्या मते सम चुकीच्या जागी ऐकली जाणे हे असावे. आवर्तन ऐकताना आपला कान खर्जाचा पहिला ठसठशीत स्वर पकडतो आणि तिथून मोजू लागतो. पण कोराच्या अनेक रचनांत अंगठ्याचे स्वर मुख्य ठोक्याच्या आधी किंवा नंतर येतात, आणि चालीची ओळही ठोक्यावर सुरू न होता त्याच्या किंचित आधीच निघते. त्यात भर म्हणजे १२ सूक्ष्म मात्रांच्या आवर्तनात तीन-तीनचे चार गट आणि चार-चारचे तीन गट एकाच वेळी ऐकू येतात. वादक त्यांतील एका गटात पाय ठेवून असतो आणि दुसरा गट बोटांनी खेळवतो. फोनवरच्या तुकड्यात पाय दिसत नाही, म्हणून आपण बोटांचा गट हाच मुख्य ताल समजून त्यावर ठेका बसवता आणि मग तो प्रत्येक ओळीच्या शेवटी निसटतो.

उपाय सोपा आहे. कलावंताला प्रत्येक रचनेसाठी तीन चित्रफिती मागा. पहिलीत केवळ कुम्बेंगो, तान न घेता, पाय स्पष्ट दिसेल असा. दुसरीत तेच आवर्तन, पण घरातील कुणीतरी त्यावर टाळ्या वाजवत आहे किंवा पालथ्या भोपळ्यावर ठेका धरत आहे. तिसरीत गाण्यासह पूर्ण रचना. शक्य असेल तिथे त्या रचनेवर नाचणाऱ्यांचे पाऊलही पाहावे, कारण मांदे संगीतात नर्तकाचे पाऊल मुख्य ठोका दाखवते आणि त्याबद्दल कुणाचेही दुमत नसते. आपल्या तबलावादकाने तबल्याला हात लावण्यापूर्वी या टाळ्या कोरासोबत सलग दहा मिनिटे न चुकता वाजवून दाखवाव्यात, ही अट मी स्वतः माझ्या वादकांना घालतो.

तबल्याच्या बाबतीत माझे मत स्पष्ट आहे : बोल थोडे ठेवावेत, खाली-भरीची रचना सोडून द्यावी आणि तिहाई टाळावी. दादऱ्याचा ठेका मात्रांच्या हिशेबात अनेक आवर्तनांत बसतो, पण चौथ्या मात्रेवरची खाली ऐकणाऱ्याला जो आराखडा देते तो कुम्बेंगोत नाही, त्यामुळे रचना एका अंगाला कलंडल्यासारखी वाटते. तिहाईची गोष्ट त्याहून गंभीर आहे. तिहाई ऐकणाऱ्याचे लक्ष समेकडे खेचून आणते आणि तिथे एक मुक्काम निर्माण करते. या संगीतात आवर्तनाला मुक्काम नसतो, ते कुठूनही आत शिरता येईल असे अखंड चालू राहते, आणि वादकाची सारी कला त्या अखंडपणात लहान लहान बदल करण्यात असते. मुंबईचा उत्तम तबलावादक हे ऐकून सुरुवातीला नाराज होऊ शकतो. पण त्याला पश्चिम आफ्रिकी कॅलबॅशवादकाचे काम जवळून दाखवले, की एका पालथ्या भोपळ्यातून मुठीने आणि बोटांनी निघणारे तीन-चार ध्वनी तासभर कसे जिवंत ठेवले जातात ते त्याच्या लगेच लक्षात येते. कॅलबॅश आणि डग्गा एकाच रचनेत घेऊ नयेत, कारण दोघांचा खर्ज एकाच जागी पडतो. कॅलबॅश असेल तिथे तबल्याच्या चाटेचे आणि किनारीचे बोल पुरेसे होतात.

क्लिक ट्रॅकबद्दलही, म्हणजे हेडफोनमधून दिल्या जाणाऱ्या स्थिर लयीच्या टिकटिकीबद्दलही, सावध राहावे. कोराच्या लांब वादनात लय हळूहळू वाढत जाते आणि ती वाढ रचनेचा भाग असते. बामाकोच्या जेंबे या हाताने वाजवायच्या ढोलाच्या वादनाची संगणकावर मोजमापे घेऊन झालेल्या संशोधनातून असेही दिसले आहे, की ठोक्याचे तीन भाग सारखे नसतात. काही प्रकारांत पहिला भाग आखूड आणि शेवटचा लांब असतो, आणि ही असमानता वादक आवर्तनामागून आवर्तन स्थिरपणे राखतात. म्हणजे ती ढिलाई नसून व्याकरण आहे. संगणकाच्या समान चौकटीत हे ठोके ओढून बसवले की ते व्याकरण पुसले जाते आणि अल्बम स्वच्छ पण निर्जीव होतो. म्हणून कोरा, गायन आणि कॅलबॅश आधी क्लिकशिवाय मुद्रित करावेत, त्या मुद्रणावरून लयीचा नकाशा काढावा आणि नंतरची सारी वाद्ये त्या नकाशावर चढवावीत. एखाद्या रचनेत स्थिर लय अनिवार्यच असेल, तर हेडफोनमध्ये टिकटिक देण्यापेक्षा त्याच कॅलबॅशवादकाने वाजवलेल्या आवर्तनाचा लूप द्यावा. त्यातील झुकाव कोरावादकाला ओळखीचा असतो.

बासरीची आणि कोराची जोडी छान जमू शकते. पांढरी चारची बासरी, लहान वाक्ये, मींड बेताची, असा आराखडा ठेवावा. आपल्या बासरीवादकाने गिनीच्या फुता जालों भागातील फुला लोकांची तीन छिद्रांची आडवी बासरी अवश्य ऐकावी. तिचे वादक फुंकेतच आवाज मिसळतात, मध्येच बोलतात, ओरडतात. त्याची नक्कल करू नये, पण कोराशेजारी फुंकवाद्याने किती श्वास आणि किती मोकळीक ठेवायची हे त्यातून समजते.

व्हायोलिनवृंदाचा विचार मी सर्वांत शेवटी करेन आणि तोही दोन रचनांपुरता. बाहेरच्या तंतुवाद्याने या संगीतात कसे उभे राहावे याचा माझ्या दृष्टीने सर्वांत चांगला धडा म्हणजे कोरावादक बालाके सिसोको आणि चेलोवादक व्हिन्सां सेगाल यांचा २००९ चा ‘चेंबर म्युझिक’ हा अल्बम, जो बामाकोत गायक सालिफ केइता यांच्या मोफू स्टुडिओत मुद्रित झाला. तिथे चेलो अनेकदा छेडून वाजवला जातो, तो स्वतःच कुम्बेंगो धरतो आणि कोराला तान घेण्यासाठी मोकळे करतो. दुसरा, अगदी वेगळा मार्ग सेनेगलचे गायक युसू न्दूर यांच्या २००४ च्या ‘इजिप्त’ या अल्बममध्ये दिसतो. त्याचे संयोजन कैरोचे फाथी सलामा यांनी केले. तिथे वृंद आपली स्वतःची अरबी वादनशैली घेऊन येतो, डाकारच्या गायनाला दीर्घ एकसुरी ओळींनी उत्तर देतो आणि सेनेगली तालात लुडबुड करत नाही. आपल्या वृंदासाठी मला हा दुसरा मार्ग अधिक योग्य वाटतो. हिंदी चित्रपटसंगीताच्या परंपरेत वाढलेल्या मुंबईच्या व्हायोलिनवादकांना एकसुरी, गळ्यासारखी वळणे घेणारी ओळ उत्तम वाजवता येते. तिचा उपयोग गाण्याच्या दोन ओळींमधील जागेत करावा आणि गाणे सुरू होताच वृंदाने थांबावे. हिंदी चित्रपट सेनेगलमध्ये पिढ्यान्‌पिढ्या आवडीने पाहिले गेले आहेत, त्यामुळे हा नाद तिथल्या श्रोत्याला परका वाटणार नाही.

गायनाबद्दल थोडे विस्ताराने लिहिणे आवश्यक आहे. आपला कलावंत बहुधा जेली घराण्यातील असेल. फ्रेंचमध्ये ज्यांना ग्रिओ म्हणतात ते हे लोक. मांदे समाजात वंशावळी, इतिहास आणि स्तुती यांचे जतन करण्याचे काम जन्माने त्यांच्याकडे येते, आणि कुयाते, जाबाते, सिसोको ही आडनावेच तो वारसा सांगतात. पीटर ब्रूक यांच्या ‘महाभारत’ या नाट्यप्रयोगात भीष्म साकारणारे सोतिगी कुयाते हेदेखील जेली घराण्यातलेच होते. हजारो श्लोकांची कथा रंगमंचावर सांगणाऱ्या त्या प्रयोगात हे किती योग्य होते, असे मला नेहमी वाटते. याचा आपल्या कामाशी थेट संबंध आहे. जेलीच्या गाण्यात ठरलेली ध्रुवपदासारखी ओळ असते आणि तिच्या अधेमधे मुक्त लयीतील कथन व स्तुती येते. त्या स्तुतीत एखाद्या कुटुंबाचे पूर्वज, त्यांची गावे आणि त्यांची कृत्ये यांचा उल्लेख असतो. रचना चार मिनिटांत बसवण्यासाठी संयोजक मधल्या ओळी कापतो तेव्हा त्याच्या नकळत एखादा पूर्वज गाळला जाऊ शकतो, आणि ते गाणे ज्या कुटुंबासाठी आहे त्याचा तो अवमान ठरतो. म्हणून गायनाचे संपादन करण्यापूर्वी प्रत्येक गाण्याचे शब्द लिहून घ्यावेत, ओळीओळीचा अर्थ समजून घ्यावा, आणि काय कापता येईल हे कलावंतालाच ठरवू द्यावे. लांबी कमी करायचीच असेल तर ती मुद्रणाआधी ठरवावी. पाच मिनिटांची आवृत्ती हवी असे सांगितले, तर जेली कलावंत ती जागच्या जागी नीट रचून देतो, कारण प्रसंगानुसार गाणे लहान-मोठे करणे हा त्याच्या व्यवसायाचाच भाग आहे.

यावरून मुद्रण कुठे करावे याचेही उत्तर मिळते. गाभा सेनेगलमध्येच मुद्रित करावा, डाकारला किंवा कासामान्समधील झिगुइंशोर येथे. कारण तिथे त्याची वाट ओळखणारा कॅलबॅशवादक असतो, कोरसला घरातील स्त्रिया असतात आणि शब्द चुकला तर सांगणारी वडीलधारी माणसे जवळ असतात. शक्य असेल तर आपल्या तबलावादकाला आणि बासरीवादकाला सोबत घेऊन जावे आणि त्या दोघांचे वादन तिथेच, एकत्र बसून, मुद्रित करावे. बेस आणि व्हायोलिन नंतर मुंबईत चढवता येतील. फार सजवलेल्या स्टुडिओची गरज नाही. तुमानी जाबाते आणि मालीचे गिटारवादक अली फार्का तुरे यांचा ‘इन द हार्ट ऑफ द मून’ हा ग्रॅमीविजेता अल्बम बामाकोच्या एका हॉटेलात, नायजर नदीच्या काठी, जवळपास कोणताही सराव न करता मुद्रित झाला होता. शांत, थोडा घुमारा असलेली खोली आणि आपली चांगली उपकरणे एवढे पुरेसे आहे.

मायक्रोफोन लावताना एक गोष्ट लक्षात ठेवावी : कोराचे कातडे आणि घोडी वादकाच्या बाजूला असतात आणि श्रोत्याकडे भोपळ्याची पाठ येते. समोरून लावलेल्या मायक्रोफोनला म्हणून भोपळ्याचा घुमार जास्त आणि बोटांची स्पष्टता कमी मिळते. एक कंडेन्सर मायक्रोफोन बाजूने घोडीच्या दिशेला आणि दुसरा भोपळ्यातील ध्वनिछिद्राच्या जवळ, पण थेट त्याच्या तोंडावर नाही, असे लावून दोघांचे प्रमाण कानाने ठरवावे. कलावंत वाजवता वाजवता गाणारच, तेव्हा कोरा गायनाच्या मायक्रोफोनमध्ये जाईल. ते मान्य करून त्याला दोन्ही एकत्रच करू द्यावे. वेगवेगळे मुद्रण केले की गायनाची आणि बोटांची परस्परांना मिळणारी दाद नाहीशी होते. घोडीवर खुळखुळणारा धातूचा पत्रा असेल तर तो काढावा की ठेवावा हे त्याला विचारावे. न विचारता फडके गुंडाळून तो बंद करू नये.

मिक्सिंगमध्ये कंप्रेसर (मोठ्या-लहान आवाजांतील फरक कमी करणारे साधन) हलका ठेवावा, कारण आवर्तनातील जोरकस आणि हलक्या आघातांमधील फरकातूनच ताल ऐकू येतो. कोरा मधोमध न ठेवता डाव्या-उजव्या हातांच्या तारा किंचित दोन्हीकडे पसरू द्याव्यात. पहिले मिक्स तयार झाले की ते कलावंताला पाठवून त्याने घरात, साध्या स्पीकरवर, सगळ्यांसमोर ऐकावे अशी विनंती करावी. तिथून येणाऱ्या सूचना, विशेषतः घरातील ज्येष्ठ गायिकांच्या, मी नेहमी अंमलात आणतो.

राहिला प्रश्न हक्कांचा, आणि इथे पश्चिम आफ्रिकी कलावंतांवर वर्षानुवर्षे अन्याय होत आला आहे. पारंपरिक रचना मुद्रित होते, बाहेरचा निर्माता स्वतःला संगीतकार म्हणून नोंदवतो आणि पुढची सारी रॉयल्टी त्याच्याकडे जाते. आपल्या आठ रचनांची आधीच छाननी करावी : कोणती पारंपरिक, कोणती कलावंताची स्वतःची, कोणती दोघांनी मिळून रचलेली. पारंपरिक रचनेच्या नोंदीत ‘पारंपरिक’ असेच लिहावे आणि संयोजक म्हणून दोघांचीही नावे द्यावीत, कारण कुम्बेंगोची त्याची आवृत्ती हे संयोजनच आहे. निम्मे-निम्मे वाटप मला न्याय्य वाटते. त्याच्या स्वतःच्या रचनांत संगीतकार आणि गीतकार तोच राहील, आपण व्हायोलिनच्या कितीही ओळी लिहिल्या तरी. तो सेनेगलच्या ‘सोडाव’ या प्रताधिकार संस्थेचा सदस्य आहे का ते विचारावे. नसेल तर अल्बम प्रसिद्ध होण्यापूर्वी त्याची नोंदणी व्हावी यासाठी मदत करावी. आपल्या बाजूने आयपीआरएसकडे (गीतकार-संगीतकारांची रॉयल्टी गोळा करणारी भारतीय संस्था) नोंद करताना तेच तपशील, तेच वाटप आणि नावांची तीच अक्षररचना वापरावी, कारण दोन देशांतील नोंदी जुळल्या नाहीत तर पैसे मधेच अडकून पडतात. भारतीय प्रताधिकार कायद्यात २०१२ साली झालेल्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकारांच्या रॉयल्टीला आणि कलावंतांच्या हक्कांना संरक्षण दिले आहे. करारात त्या हक्कांना वळसा घालणारे कोणतेही कलम घालू नये. मुद्रणाच्या मालकीतही त्याला वाटा द्यावा आणि मुद्रणाच्या दिवसांचे मानधन त्या वाट्यातून वजा करू नये. कॅलबॅशवादक आणि कोरसमधील स्त्रिया यांची नावे व मानधन स्वतंत्रपणे कागदावर यावे. मुखपृष्ठावर आपल्या दोघांची नावे असतील तर त्याचे आधी असावे.

करार फ्रेंचमध्ये करावा, त्याची प्रत मुद्रणाला निघण्यापूर्वी पाठवावी, आणि त्याने स्वतः निवडलेल्या माणसाने तो त्याला मांदिंकामध्ये वाचून समजावून सांगितल्यावरच सही घ्यावी.